हबल स्थिरांक : क्वेसारांच्या कालविलंबावरून मापन

दूरच्या क्वेसारच्या प्रकाशवाटेत एखादी भारी दीर्घिका आली, तर तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि एकाच क्वेसारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. हे गुरुत्वीय भिंग. प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश वेगळ्या वाटेने येतो. त्यामुळे क्वेसारच्या तेजातला चढउतार एका प्रतिमेत आधी, दुसरीत नंतर उमटतो. हा कालविलंब आणि भिंगातील वस्तुमानाची मांडणी कळली की अंतर काढता येते. त्याला ताम्रसृतीची जोड दिली की विश्वप्रसरणाचा दर, म्हणजेच हबल स्थिरांक मिळतो. नॉर्वेचे स्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा असे एकही भिंग सापडलेले नव्हते.

पहिले भिंग, जुळा क्वेसार क्यू ०९५७+५६१, १९७९ मध्ये सापडले. त्याच्या विलंबावरून मात्र वर्षानुवर्षे वाद चालला : कोणी सुमारे ४१५ दिवस म्हणे, कोणी ५४०. डिसेंबर १९९४ मध्ये पहिल्या प्रतिमेचे तेज एकाएकी उतरले. टोमिस्लाव कुंडिच व सहकाऱ्यांनी दुसरीचे तेज कधी उतरेल याचे भाकीत आधीच छापले. फेब्रुवारी १९९६ मध्ये ते उतरले आणि ४१७ दिवसांवर वाद मिटला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डी. नरसिंह, कंदस्वामी सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९८२ मध्ये पीजी १११५+०८० या क्वेसारसाठी भिंगाचे गणिती प्रारूप मांडले. त्यात दीर्घिका पूर्ण गोल न धरता गोलाभ धरली होती. विलंब मोजण्याच्या कामात लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीचा वाटा आहे. तेथील व इतर दुर्बिणींच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये एसडीएसएस जे१००१+५०२७ चा विलंब ११९.३ दिवस ठरला.

‘हॉलिकाऊ’ गटाने २०१९ मध्ये सहा भिंगांवरून हबल स्थिरांक ७३.३ (किमी. प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक) काढला. पीजी १११५ त्या सहांत होताच. आदिविश्वातील सूक्ष्मतरंग प्रारणावरून प्लँक उपग्रहाने दिलेले मूल्य ६७.४ आहे. ही तफावत खरी असेल, तर विश्वरचनेच्या प्रमाण प्रारूपात काहीतरी उणे आहे.

पद्धतीची गोम घड्याळात नाही, वजनात आहे. भिंगाभोवती वस्तुमानाचा सपाट थर कल्पिला आणि भिंगाचे स्वतःचे वस्तुमान त्या प्रमाणात घटवले, तरी प्रतिमा जशाच्या तशा राहतात आणि स्थिरांक मात्र बदलतो. म्हणून २०२० मध्ये वस्तुमानाच्या मांडणीविषयीची गृहीतके सैल केली, तेव्हा सात भिंगांवरून ७४.५ आले, पण अनिश्चितता सुमारे ८ टक्क्यांवर गेली. तेवढ्या अनिश्चिततेत ७३.३ बसते आणि ६७.४ जेमतेम बाहेर राहते.