पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे

महाराष्ट्रातला बांदा आणि गोव्यातलं पेडणे यांच्यामध्ये पत्रादेवीचा सीमानाका आहे. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या जत्रांना जातात, सोयरिकी जुळवतात. पण बांद्यातल्या हिंदू जोडप्याचं लग्न झालं तर नवऱ्याची जमीन नवऱ्याची आणि बायकोची बायकोचीच राहते. पेडण्यातल्या जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर काही अपवाद सोडून सगळी मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. हा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा परिणाम. देशोदेशींच्या कायद्यांची तुलना करू पाहणाऱ्या नव्या वाचकाला मी आधी या नाक्यावर आणून उभं करतो. पॅरिस आणि बर्लिन नंतर.

ही ज्ञानशाखा आपली जन्मतारीख बहुधा १९००च्या पॅरिस परिषदेपासून मोजते. पुढे तिच्यावर पगडा बसला तो कार्यवादी पद्धतीचा. त्स्वायगर्ट आणि क्योट्स या जर्मन अभ्यासकांनी ती नेटकी मांडली. समाज कोणताही असो, त्याच्यापुढचे प्रश्न तेच. कायदे वेगळ्या वाटांनी जातात आणि बऱ्याचदा सारख्याच उत्तराला पोचतात, असं तिचं गृहीतक. तिला नाकं मुरडायची सध्या रीत आहे. मला ती पटत नाही, कारण कामाला सुरुवात करायला ही पद्धत अजूनही चांगली आहे. अडचण एकच: प्रश्न तेच आहेत, हे ठरवलं कोणी?

चिकित्सक तुलनेची सुरुवात इथून होते. ग्युंटर फ्रांकेनबर्ग यांनी १९८५मध्ये दाखवून दिलं, की तुलना करणारा घरची मोजपट्टी खिशात घेऊनच परदेशी जातो आणि तिलाच जगाचं माप समजतो. आपल्याकडचं उदाहरण हेन्री मेन यांचं. ते १८६२मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य म्हणून आले. इथल्या गावगाड्यात त्यांना युरोपचा भूतकाळ जिवंत दिसला. मेन विद्वान होते, निरीक्षणही बारीक; पण ज्याला कुणाचा तरी भूतकाळ ठरवलं, त्याच्या वर्तमानाशी तुलना होणार कशी?

पुन्हा गोव्याकडे येऊ. हा कायदा समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून नेहमी मिरवला जातो. मिरवणाऱ्यांनी १८८०चा हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूम वाचावा: ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा त्यात आहे. ती आज कुणी वापरत नाही, हे खरं. निम्म्या वाट्यालाही अशीच दुसरी बाजू आहे. मूळ संहितेने बायकोला मालकी दिली, पण सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला. नुसती कलमं शेजारी-शेजारी मांडली तर गोव्याची बाई बांद्याच्या बाईपेक्षा भाग्यवान दिसते. घरात सही कोण करतं आणि भावांसाठी हक्क सोडायला कोण सांगतं, ते कलमात दिसत नाही.

वंशावळीचं कोडं याहून गमतीचं आहे. कायद्याची कुळं पाडणाऱ्या नकाशात ही संहिता रोमन परंपरेच्या युरोपीय कुळातली. पण १९६१नंतर तिचा अर्थ लावतात ते पूर्वनिर्णयांवर चालणाऱ्या इंग्रजी वळणाच्या न्यायालयांतले न्यायाधीश. पोर्तुगालने तर १९६६मध्ये नवी संहिता केली आणि मुक्त झालेल्या गोव्याला ती लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे लिस्बनने टाकून दिलेला कायदा मडगावात नांदतो आहे. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की संसदेने तो चालू ठेवला असल्यामुळे तो आता भारतीय कायदाच आहे. अॅलन वॉटसन हे तुलनेचे अभ्यासक म्हणत, कायदे एका देशातून दुसऱ्या देशात सहज रुजतात. त्यांचे टीकाकार पिएर लग्राँ म्हणतात, शब्द जातात, अर्थ जात नाही. गोव्याचं रोप दोघांनाही पुरतं उमगत नाही. माझा कल तरी लग्राँकडे झुकतो.

वाचकाने पुढची पानं संशय जागा ठेवून वाचावीत, माझ्याबद्दलचा संशय धरून. मीही नाक्याच्या अलीकडचा आहे. गोव्यातल्या वारसाहक्काच्या दाव्यात अशील आपली कैफियत कोकणीत किंवा मराठीत सांगतो, वकील ती इंग्रजीत मांडतो आणि वाद अडतो तो एका पोर्तुगीज शब्दाच्या अर्थावर. तिथे नेमकी कोणत्या दोन कायद्यांची तुलना चालली आहे, याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.