सोन्याचा अणू आणि त्याची संयुगे

लोखंड आणि सोने हे दोन्ही धातू छत्तीसगडच्या भूमीत आढळतात. मात्र त्यांचे स्वरूप भिन्न आहे. जुनवानी हा ज्या शहराचा भाग आहे, त्या भिलाईतील पोलाद कारखान्याला दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज मिळते. त्यातील लोह ऑक्सिजनशी संयोग पावलेले असल्याने ते झोत भट्टीत मुक्त करावे लागते. याउलट, राज्याच्या सोनाखान परिसरात सोने प्रामुख्याने मूलद्रव्याच्या रूपातच सापडते. तेथील बाघमारा क्षेत्राचा लिलाव २०१६ मध्ये झाला.

या फरकाचे मूळ अणूच्या रचनेत आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९ असून निसर्गात त्याचा १९७ भारांकाचा एकच स्थिर समस्थानिक आढळतो. केंद्रकावरील मोठ्या प्रभारामुळे आतील इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक होतो. सापेक्षतेच्या या परिणामामुळे बाह्यतम इलेक्ट्रॉनही केंद्रकाकडे अधिक घट्ट ओढला जातो. म्हणूनच सोने गंजत नाही. धातू निळा प्रकाश शोषून घेतो व पिवळा दिसतो, याचेही कारण तेच.

तरीही सोन्याची संयुगे बनतात. त्यांत सोन्याची संयुजा सामान्यतः एक किंवा तीन असते. नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या १:३ मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोने विरघळून क्लोरोऑरिक आम्ल तयार होते. खनिजातून सोने काढताना ऑक्सिजनच्या सान्निध्यात विषारी सायनाइडचे द्रावण वापरतात. सोन्याची काही संयुगे संधिवातावर औषध म्हणूनही वापरली गेली आहेत.

विरघळलेले सोने नष्ट होत नाही. योग्य रसायन मिसळताच ते पुन्हा धातुरूपात मिळते. दागिने 'उजळताना' अम्लराज वापरल्यास ग्राहकाचे सोने द्रावणात उतरते आणि नंतर वेगळे काढता येते. झळाळी वाढली, तरी वजन घटते. त्यामुळे उजळण्यापूर्वी व नंतर दागिन्याचे वजन आपल्यासमोर करून घेणे हिताचे ठरते.

हॉलमार्कवरील '९१६' हा आकडाही वजनाचा आहे, अणुसंख्येचा नव्हे. बावीस कॅरट सोन्यात उर्वरित धातू केवळ तांबे असेल, तर १०० अणूंपैकी सुमारे ७८ सोन्याचे आणि २२ तांब्याचे असतात. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा असल्याने हा फरक पडतो.