सागरी मत्स्यालयातील मासे : मध्यम घरगुती टाकीसाठी निवड

घरात ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणते मासे, किती आणि कोणत्या क्रमाने सोडावेत, याचा विचार या नोंदीत केला आहे. साधारण २०० ते ४०० लि. पाणी मावणारी टाकी मध्यम समजली जाते. १२० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ५० सेंमी. उंच टाकीचे आकारमान २७० लि. भरते, खडक आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी सुमारे २२० लि. उरते. माशांचा हिशेब या उरलेल्या पाण्यावर करावा लागतो. अशा टाकीत सहा ते आठ लहान मासे सुखाने राहतात. गोड्या पाण्याच्या तेवढ्याच टाकीत तीस-चाळीस गप्पी व टेट्रा पाहिलेल्यांना ही संख्या फारच कमी वाटते. बहुतेक चुकांची सुरुवात येथेच होते.

पाणी आणि संख्येची मर्यादा : खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५° से. तापमानाला गोड्या पाण्यात तो दर लिटरला सुमारे ८.३ मिग्रॅ., तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिग्रॅ. असतो. शिवाय सागरी टाकीचे पाणी अल्कधर्मी (पीएच ८.१ ते ८.४) ठेवावे लागते आणि अशा पाण्यात विष्ठा व उरलेल्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया अधिक विषारी रूपात राहतो. प्रवाळभित्तीवरच्या माशांना बदलांची सवयही नसते. त्यांच्या मूळ ठिकाणी पाण्याचे तापमान व खारटपणा वर्षभर जवळपास सारखेच असतात. म्हणून टाकीचे तापमान २४ ते २७° से., सापेक्ष घनता १.०२३ ते १.०२६, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दर लिटरला २० मिग्रॅ.च्या आत ठेवतात.

‘इतक्या लिटरला एक इंच मासा’ हा जुना ठोकताळा दिशाभूल करतो. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट होते. खाणे आणि घाण या वाढलेल्या वजनाच्या प्रमाणात वाढतात. दहा सेंमी.चा एक मासा पाच सेंमी.च्या दोन माशांबरोबरीचा नसतो.

मुंबई व कोकणातील किनाऱ्यावरचे पाणी थेट टाकीत घालू नये. शहरालगतचे पाणी प्रदूषित असते आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्यामुळे त्याचा खारटपणा बराच उतरतो. त्याऐवजी शुद्ध केलेल्या (आरओ) पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅ. या प्रमाणात तयार सागरी मीठ विरघळवतात. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट बिनमिठाच्या पाण्यानेच भरून काढावी लागते. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३२° से.च्या वर जाते तेथे चिलर, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, ही माशांआधीची खरेदी होय.

निवडीचे निकष : (१) पूर्ण वाढीचा आकार. दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो. मध्यम टाकीसाठी पूर्ण वाढ १० ते १२ सेंमी.च्या आत असलेल्या जाती निवडतात. (२) स्वभाव. प्रवाळभित्तीवरचे अनेक मासे एका भोकासाठी किंवा कपारीसाठी झगडतात. समुद्रात हरलेला मासा निघून जातो, टाकीत त्याला जायला जागा नसते. सारखा आकार, सारखा रंग किंवा सारखे अन्न असलेल्या जाती एकत्र ठेवल्या की भांडण ठरलेले. (३) आहार. गोठवलेली मायसिस कोळंबी, आर्टेमिया, दाणे किंवा वाळवलेले समुद्रशैवल जो मासा सहज खातो तोच घ्यावा. सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे चालतात. खारवून सुकवलेला जवळा चालत नाही. (४) पातळी. काही मासे तळाशी, काही खडकात, काही मोकळ्या पाण्यात वावरतात. तिन्ही पातळ्यांवर विभागलेले सात मासे एकाच पातळीवरच्या चार माशांपेक्षा शांत राहतात. (५) उगम. शक्य तेथे टाकीत पैदास केलेला मासा घ्यावा.

योग्य जाती : विदूषक मासा (ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस) हा नवख्यांसाठी सर्वांत भरवशाचा. २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे तो घरोघर माहीत झाला. लांबी ८ ते ११ सेंमी. हे मासे आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि ती गेली की नराचे रूपांतर मादीत होते. त्यामुळे दोन लहान मासे एकत्र सोडले की जोडी आपोआप जमते. समुद्रात ते समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहतात, पण टाकीत त्यांना त्याची गरज नसते. समुद्रपुष्पाला तीव्र प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, म्हणून नवख्याने ते आणू नये. ॲम्फिप्रिऑन सेबी ही जाती भारताच्या समुद्रात आढळते. ती थोडी मोठी व अधिक भांडखोर असते. विदूषक माशांच्या दोन वेगवेगळ्या जाती एका मध्यम टाकीत ठेवू नयेत.

रॉयल ग्रामा (ग्रामा लोरेटो) हा कॅरिबियन समुद्रातला, पुढे जांभळा आणि मागे पिवळा असा सुमारे ८ सेंमी.चा मासा. तो आपली कपार सोडून फारसा लांब जात नाही. टाकीत एकच ठेवावा.

बांगाई कार्डिनल (टेरापोगॉन कौडेर्नी) हा इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातला. नर अंडी व पिल्ले तोंडात वाढवतो. शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. टाकीत त्याची पैदास सहज होत असल्याने पकडलेला मासा घेण्याचे कारण नाही. एक किंवा जमलेली जोडी ठेवावी. समूहात मोठे झाल्यावर ते एकमेकांना मारतात.

फायरफिश (नेमाटेलिओट्रिस मॅग्निफिका) मोकळ्या पाण्यात एका जागी तरंगत राहतो व घाबरला की टाकीबाहेर उडी मारतो. टाकीवर जाळीचे झाकण नसेल तर तो घेऊ नये.

पिवळा वॉचमन गोबी (क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस) तळाशी राहतो. पिस्तूल कोळंबीशी त्याची भागीदारी असते: कोळंबी बीळ खोदते, पण तिला दिसते कमी, गोबी दारात पहारा देतो आणि कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. त्याने शेपूट हलवताच दोघे आत जातात. ही जोडी पाहायला मिळावी म्हणून तळाशी वाळू व खडकाचे लहान तुकडे दोन्ही ठेवावेत.

शेवाळ खरवडून खाणारा ब्लेनी (सॅलारिअस फॅसिएटस) मुरलेल्या टाकीतच ठेवावा. चकचकीत नव्या काचेवर त्याची उपासमार होते. डॅमसेल माशांपैकी पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल (क्रिसिप्टेरा पॅरासीमा) त्यातल्या त्यात सौम्य. काळेपांढरे पट्टे किंवा ठिपके असलेले डॅसिलस गटातले डॅमसेल स्वस्त व काटक असतात. पूर्वी नवी टाकी ‘तयार’ करण्यासाठी तेच आधी सोडत. यात माशाचे हाल होतात आणि पुढे टाकीवर त्याचीच सत्ता चालते.

कोरल ब्यूटी (सेंट्रोपायजी बायस्पायनोसा) हा सुमारे १० सेंमी.चा बुटका एंजल मासा २५० लि.पेक्षा मोठ्या, भरपूर खडक असलेल्या टाकीत एक ठेवता येतो. जिवंत प्रवाळांना तो कधीकधी टोचतो. पिवळा टँग (झेब्रासोमा फ्लॅव्हेसेन्स) २० सेंमी.पर्यंत वाढतो व सतत पोहतो. ४०० लि.च्या जवळपासची, लांब टाकी असेल तरच त्याचा विचार करावा. २०१५ मध्ये हवाईतील संशोधकांनी त्याची पिल्ले प्रथमच टाकीत वाढवली.

टाळावयाच्या जाती : ‘डोरी’ म्हणून मागणी असलेला निळा टँग (पॅराकँथुरस हेपॅटस) सुमारे ३० सेंमी. होतो. एम्परर एंजल (पोमाकँथस इम्पेरेटर) लहानपणी निळ्या अंगावर पांढरी वलये मिरवतो. मोठेपणी त्याचे पट्टे पिवळे होतात आणि लांबी ४० सेंमी.पर्यंत जाते. हेकरूच्या गटातला पँथर ग्रूपर दुकानात पाच सेंमी.चा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला गोजिरवाणा दिसतो. पूर्ण वाढ ७० सेंमी., आणि वाटेत तो सोबत्यांना गिळतो. तोंडात मावेल ते गिळणारा लायनफिश याच कारणाने टाळतात. त्याच्या पाठीचे काटेही विषारी असतात.

दुसरा गट आकाराने बसणाऱ्या, पण उपाशी मरणाऱ्या माशांचा. मँडरिन (सिंकिरोपस स्प्लेंडिडस) दिवसभर खडकावरचे सूक्ष्म कोपेपॉड टिपतो. मध्यम टाकीतला साठा तो काही आठवड्यांत संपवतो. अनेक फुलपाखरू मासे प्रवाळांचे पॉलिप खाऊन जगतात. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रॅस सात-आठ माशांच्या टाकीत क्वचितच तग धरतो. मूरिश आयडॉल हा अनुभवी पालकांकडेही बहुधा टिकत नाही. लॅक्टोरिया कॉर्नुटा हा शिंगांचा काऊफिश घाबरला की कातडीतून विष सोडतो व बंद टाकीत सर्व मासे मरू शकतात.

भारतातील कायदा : घोडामासा व त्याच्या कुळातील सर्व मासे, तसेच खडक रचणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यामुळे समुद्रातून काढलेला प्रवाळखडक टाकीत वापरता येत नाही. कृत्रिम सच्छिद्र खडक वापरतात. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या (१९८७) क्षेत्रातून मासे उचलणेही गुन्हा ठरतो. कायदेशीर पर्याय म्हणजे बीजोत्पादन केंद्रातले मासे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही अशी पैदास होते.

खरेदी आणि सोडण्याचा क्रम : नवी टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवावी. या काळात अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू खडकावर वाढतात. मासा दुकानात समोर खाताना पाहूनच घ्यावा. जोरजोरात हलणारे कल्ले, आत गेलेले पोट, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके ही नाकारण्याची कारणे होत. फिलिपीन्स व इंडोनेशियात सायनाइड फवारून पकडलेले मासे वरून धडधाकट दिसतात आणि काही आठवड्यांत मरतात. उगम विचारण्याचे हेही एक कारण.

नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स) मुख्य टाकीत शिरल्यास तेथे तांब्याचे औषध घालता येत नाही, कारण त्याने कोळंबी व इतर अपृष्ठवंशी प्राणी मरतात. भित्रे मासे आधी, दांडगे शेवटी हा क्रम पाळावा. २७० लि.च्या टाकीसाठी उदाहरण असे: प्रथम फायरफिश व कोळंबीसह गोबी, मग बांगाई कार्डिनलची जोडी, त्यानंतर रॉयल ग्रामा, नंतर विदूषकांची जोडी, काही महिन्यांनी, हवाच तर, कोरल ब्यूटी. एकूण आठ मासे. प्रत्येक टप्प्यात तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवून पाणी तपासावे.

नको झालेले मासे : मोठा झालेला किंवा भांडखोर निघालेला मासा दुकानदाराला अथवा मोठी टाकी असलेल्या पालकाला द्यावा. तो समुद्रात सोडू नये. मूळचा हिंदी व पॅसिफिक महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. तो पाळीव टाक्यांमधून सोडला गेला असे मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रात सर्वत्र आणि दक्षिणेकडे ब्राझीलपर्यंत पसरला असून तेथील लहान मासे खाऊन संपवत आहे.