मालक कीं नोकर?

पोलादपुराहून आंबेनळी घाटानें वर जातांना प्रतापगडाचा तट नजरेस पडतो. १६५९ सालीं त्याच्या पायथ्याशीं झालेल्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनीं केलेली व्यवस्था सभासदानें बखरींत नोंदली आहे. पडलेल्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें, आणि ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन चालविलें. येथें आधाराचें माप वेतन हें होतें. जवळजवळ तीनशें वर्षांनीं आपल्याकडे विम्याचा कायदा झाला, तेव्हांहि हेंच माप कायम राहिलें. मग जो स्वतःच स्वतःचा धनी, त्याचें काय?

त्या कायद्याचा उगम शोधूं लागल्यास वाट पुन्हां याच मुलखांत येते. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या कारकीर्दींत प्रा. बी. पी. अडारकर यांजकडे कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम आलें. १९४४ सालीं त्यांचा अहवाल झाला, व १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा. मालकानें कांहीं द्यावें, कामगारानें कांहीं द्यावें, आणि आजार, अपघात, बाळंतपण या प्रसंगीं त्या निधींतून मदत मिळावी, हें त्याचें सूत्र. प्रारंभीं तो दरमहा ४०० रुपयांपर्यंतच्या वेतनास लागूं होता. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा २१,००० झाली. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या शेंकडा ३.२५ व कामगाराची ०.७५ ठरली.

आतां कंपनीचा संचालक घ्या. तो धनी कीं चाकर? सकृद्दर्शनीं हा प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल. परंतु न्यूझीलंडमध्यें १९५६ सालीं ली नांवाचा वैमानिक शेतांवर खत टाकणाऱ्या आपल्याच कंपनीच्या विमानाच्या अपघातांत मरण पावला, तेव्हां त्याच्या विधवेपुढें तो खरा होऊन उभा राहिला. कंपनीच्या ३,००० भागांपैकीं २,९९९ लीचे; मुख्य संचालक तोच, पगारी वैमानिकहि तोच. कंपनी ही निराळी व्यक्ति आहे, म्हणून ली तिचा नोकर होऊं शकतो, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें १९६० सालीं विधवेच्या बाजूनें दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९७ सालीं अपेक्स इंजिनिअरिंगच्या खटल्यांत वेतन घेणारा व्यवस्थापकीय संचालक विमा कायद्यापुरता कर्मचारी ठरविला. उलट १९८४ सालीं रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यांत भागीदारास मात्र कर्मचारी मानलें नव्हतें. कारण भागीदारी ही भागीदारांहून निराळी व्यक्ति नव्हे, आणि आपणच आपलें चाकर कोणास होतां येत नाहीं.

तर्क निर्दोष आहे, पण संसाराला तो पुरत नाहीं. वेतन मर्यादेपलीकडे गेलें कीं संचालकहि विम्याबाहेर. आणि ज्याची कंपनीच नाहीं असा दुकानदार तर प्रथमपासूनच बाहेर. जुलै २०२१ मध्यें सावित्रीचें पाणी महाडच्या बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां त्यानें गल्ल्यावर बसणारा व माल उचलणारा असा भेद केला नाहीं. स्वतंत्र धंदेवाल्यास विमा देतांच येत नाहीं, असेंहि नव्हे. १९४२ च्या बेव्हरिज अहवालानें इंग्लंडांत त्यांचा निराळा वर्ग कल्पून त्यांजकडूनहि वर्गणी घ्यावी व त्यांसहि हक्क द्यावे, असें सुचविलें होतें. आपल्याकडे २०१९ सालीं छोट्या व्यापाऱ्यांसाठीं निवृत्तिवेतन योजना निघाली. तींत साठीनंतर दरमहा ३,००० रुपये देऊं केले. परंतु प्रवेश १८ ते ४० या वयांतच, आणि साठीपूर्वीच्या आजारपणांत तिचा उपयोग नाहीं.

प्रतापगडाखालच्या त्या व्यवस्थेंत माप वेतनाचें होतें हें खरें. पण हेतु कर्त्यामागें घर उघडें पडूं नये हा होता. कायद्यानें माप जपलें आहे. हेतूहि जपावयाचा, तर दुसऱ्यास वेतन देणारा माणूसहि आजारी पडतो आणि मरतो, हें त्यानें ध्यानांत घेतलें पाहिजे.