रोझेल ते फिलाडेल्फिया : आनंदीबाईंचे पहिले महिने

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी ‘विस्मृतिचित्रे’ या ग्रंथातून, आपल्या स्मरणातून निसटलेल्या कर्तृत्ववान स्त्रियांकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले होते. डॉ. आनंदीबाई जोशी या अर्थाने विस्मृतीत गेलेल्या नाहीत. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने त्यांना घरोघरी पोचविले. तरीही त्यांच्या आयुष्यातील एक कालखंड आपण घाईने ओलांडतो, असे आम्हांला वाटते. तो म्हणजे परक्या देशात पाय रोवण्याचे पहिले काही महिने.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. पती सोबत नाहीत. बंदरावर त्यांना उतरवून घ्यायला आल्या होत्या न्यू जर्सीतील रोझेलच्या श्रीमती कार्पेंटर. या दोघींची ओळख केवळ पत्रांतली. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापून आले, ते या बाईंच्या वाचनात आले, आणि तेथून पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आपल्या समाजात परगावी शिकायला जाणाऱ्या मुलाला कुणा नातलगाचे घर शोधून देतात. आनंदीबाईंनी समुद्रापलीकडे ते नाते पत्रांतून जोडले. रोझेलमधील तो उन्हाळा त्यामुळे सुसह्य झाला.

खरी कसोटी लागली ती शरद ऋतूत, फिलाडेल्फियाला. पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झालेले. त्याच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी प्रवेशाबरोबर विद्यावृत्तीही मिळवून दिली. परंतु विद्यावृत्तीने थंडी भागत नाही. आनंदीबाईंच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. धूर सोसावा किंवा गारठा, एवढीच निवड उरे. पेहराव आणि आहार बदलायचा नाही, हा शब्द त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत जाहीरपणे दिला होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून पुढे त्या गुजराती धाटणीने साडी नेसू लागल्या. शब्द पाळायचा आणि हिवाळाही काढायचा, यासाठी त्यांनी काढलेली ही वाट होती. अन्नाच्या बाबतीत अशी वाट सापडणे कठीण होते.

येथे एक सावधगिरी हवी. त्या खोलीने आनंदीबाईंचा बळी घेतला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रकृतीच्या तक्रारी मायदेशातच सुरू झाल्या होत्या. पुढे क्षयाने त्यांना गाठले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्यानंतर प्रत्यक्ष अनुभवासाठी त्या बोस्टनच्या न्यू इंग्लंड रुग्णालयात गेल्या. प्रकृतीने तेथे फार काळ राहू दिले नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. तेथे रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मग या पहिल्या महिन्यांचे महत्त्व काय? उत्तरासाठी डॉ. रखमाबाईंकडे पाहावे. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची आणि इंग्लंडमधील सहानुभूतिदार मंडळी होती. त्या विद्यालयाच्या विद्यार्थिनींना रॉयल फ्री रुग्णालयात रुग्णांजवळ शिकण्याची सोय १८७७ पासूनच होती. पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि १९५५ पर्यंतचे आयुष्य त्यांना लाभले. दोघींच्या प्रकृती निराळ्या, त्यामुळे ही तुलना ताणू नये. परंतु एकीला एका कुटुंबाचा जिव्हाळा मिळाला, तर दुसरीला त्याबरोबर उभी राहिलेली व्यवस्थाही लाभली, हा फरक नजरेआड करता येत नाही.

आनंदीबाईंविषयी शिकविताना आपण जिद्द हा एकच शब्द वारंवार वापरतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेले इंग्रजी चरित्र किंवा काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र वाचताना धूर, लुगडे, स्वयंपाक यांचे तपशील सजावट म्हणून सोडून देऊ नयेत. तेही इतिहासाचे पुरावेच आहेत. आजही यवतमाळसारख्या जिल्ह्यातून एखादी मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाते, तेव्हा तिच्या धैर्याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. तिची खोली उबदार आहे का, तिला दोन वेळचे जेवण नीट मिळते का, हे विचारणारे मात्र थोडे असतात. आनंदीबाईंचा तो पहिला हिवाळा नीट वाचला, तर हे प्रश्न किती मोलाचे आहेत ते कळते.