मयूरपंख, पुठ्ठ्याची कार्डे आणि जुना लॅपटॉप (थ्रेड)

सोलापुरी चादरीवरील मयूरपंख सर्वांना ठाऊक असतो. तो कापडावर उतरण्यापूर्वी कुठे असतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी नावारूपाला आणलेल्या या चादरीची नक्षी जॅकार्ड मागाच्या माथ्यावर, भोके पाडून माळेसारख्या ओवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत साठवलेली असे.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने ही रचना सिद्ध केली. आडवा धागा एकदा टाकण्यासाठी एक कार्ड. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा हूक उभा धागा उचलतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. १८३९ मध्ये खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजच्या संग्रही होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्यानेही कार्डांचीच योजना केली.

जॅकार्डचे खरे कर्तृत्व वेगळेच आहे. माग तोच ठेवून त्याची स्मृती तेवढी बदलता येऊ लागली.

१९५६ मध्ये आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात स्मृती २४ इंची ५० फिरत्या तबकड्यांवर आली. क्षमता सुमारे ५० लाख अक्षरे. जुन्या लॅपटॉपमधील अडीच इंची हार्ड डिस्क हिचीच वंशज. ती मिनिटाला बहुधा ५,४०० फेऱ्या घेते. हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ निराळाच. लॅपटॉप सुरू होताना असे हजारो थांबे येतात आणि तोवर प्रोसेसर हात बांधून बसतो. 'लॅपटॉप म्हातारा झाला' हा निवाडा म्हणूनच पुष्कळदा अन्यायाचा असतो.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. १९८० च्या दशकात तोशिबात फुजिओ मासुओका यांनी विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते, आणि अडीच इंची साटा एसएसडी जुन्या साटा डिस्कच्याच जागी बसते. मागाचेही तसेच झाले. १९८३ मध्ये बोनास कंपनीने मिलान येथे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवले. कार्डे गेली, नक्षी संगणकाच्या फाइलमधून येऊ लागली; खालच्या मागाचे विणणे पूर्वीचेच राहिले.

जोखीम असते ती या अदलाबदलीच्या मधल्या टप्प्यात. लॅपटॉपमध्ये आधी जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत नव्या एसएसडीवर उतरवावी लागते, नव्यावरून यंत्र सुरू होते का ते पाहावे लागते. तोपर्यंत जुनी डिस्क पुसणे हा अविचारच. कार्डांची माळ प्रत न करता रद्दीत गेली, तरी तिच्यावर विणलेली एखादी चादर घरात उरली असेल, तर धागे मोजून नक्षी पुन्हा आलेख-कागदावर मांडता येते. पुसलेल्या डिस्कमागे अशी चादर उरलेली नसते.