शेततळ्यात कोळंबी: पाणी, खाद्य आणि विजेचा हिशोब

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं. पाणी मात्र मुंबईला आणि उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकर. मुरबाडची स्थिती फार वेगळी नाही. त्यामुळे शेततळ्यात कोळंबी सोडायची तर पहिला हिशोब पाण्याचा.

पालघर-रायगडच्या खाडीकाठी होते ती व्हेनामी, खाऱ्या पाण्याची. आपल्याकडे चालते ती गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी. तिच्या अंड्यातून निघालेल्या पिल्लांना मात्र सुरुवातीला निमखारं पाणी लागतं. म्हणून बीज तळ्यात तयार होत नाही, दरवर्षी हॅचरीतून आणावं लागतं.

१० गुंठ्यांचं, दीड मीटर खोल तळं म्हणजे ढोबळमानाने १५ लाख लिटर पाणी. पावसाळ्यात ते भरायला पंप लागत नाही. पण उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलीमीटर बाष्पीभवन धरलं तरी रोज ६ हजार लिटर उडून जातं, मुरमाड जमिनीत झिरपतं ते वेगळं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडून जानेवारीच्या आसपास काढणी केलेली बरी. थंडीत तशीही वाढ मंदावते. काढणीसाठी तळं उपसावंच लागतं. तेच पाणी भेंडी-काकडीला द्यायचं. खतावलेलं पाणी ओढ्यात सोडणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

खरा पैसा खाद्यात जातो. किलोभर कोळंबीला दीड किलो खाद्य लागलं तर १०० किलोला १५० किलो; हेच प्रमाण अडीचवर गेलं की २५० किलो. फरक पडतो तो अंदाजपंचे टाकण्याने. कोळंबी रात्री खाते, म्हणून जास्त खाद्य संध्याकाळी द्यावं. तळाशी ताटली सोडून दोन तासांनी पाहावं. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावं. उरलेलं खाद्य कुजतं, प्राणवायू ओढतं आणि पहाटे कोळंबी काठाला येते.

मग एरेटर. १ एचपीचा ८ तास चालला की साधारण ६ युनिट वीज. लाईट गेली तर तोही बंद! त्यापेक्षा बीज विरळ, चौरस मीटरला २-३ सोडावं. ही कोळंबी एकमेकींना खाते, विशेषतः कात टाकल्यावर. लपायला पाईपचे तुकडे, फांद्या ठेवाव्यात. सोबत कटला चालतो, तळाशी चरणारा मृगळ नको.

आपल्या मुसळधार पावसाने पाण्यातला क्षार पातळ होतो आणि कवच मऊ राहतं. त्यासाठी पाणी तपासून चुना टाकावा.